श्रीखंडाची जागा

चंद्रपेठ संस्थानाचे श्रीमंत रायाजीराव चार पायऱ्या चढले की धापा टाकत. मुगाचं कढण प्यायला सांगणाऱ्या वैद्याला त्यांनी हद्दपार केलं आणि म्हाताऱ्या अनंतशास्त्र्यांना बोलावलं.

“शास्त्रीबुवा, पथ्य सांगा. पण माझ्या पानातला एकही पदार्थ गाळायचा नाही आणि नवा घालायचा नाही. जमलं नाही तर संस्थान सोडा.”

आयुष्यभर वाचलेले ग्रंथ आता शास्त्र्यांच्या उपयोगी पडेनात. या वयात बायकोला घेऊन जायचं कुठे? काळजीने ते मुदपाकखान्यात जाऊन बसले. वाढपी पान वाढत होते. डावीकडे चमच्याने कोशिंबीर, उजवीकडे पळीने श्रीखंड. बराच वेळ बघून शास्त्र्यांनी वाढप्यांना काहीतरी सांगितलं.

पंगत बसली. श्रीमंतांच्या पानात उजवीकडे कोशिंबिरीचा ढीग होता आणि डावीकडे बोटभर श्रीखंड.

“ही काय थट्टा?”

“पदार्थ सगळे तेच आहेत, श्रीमंत. दोघांच्या जागा तेवढ्या बदलल्या.”

“पिढ्यान्‌पिढ्यांच्या जागा आहेत त्या. कोणी शिकवलं तुम्हाला हे?”

शास्त्र्यांनी हात जोडले. “आपणच. दरबारात कोणी फार शिरजोर झाला, तर आपण त्याला काढत नाही. मानाच्या आसनावरून उठवून दाराशी बसवता.”

श्रीमंतांनी डावीकडच्या श्रीखंडाकडे बोट दाखवलं.

“आणि याला पुन्हा मानाच्या जागी कधी आणायचं?”

“सणावारी, श्रीमंत. दसऱ्याला आपण सगळ्यांनाच जवळ घेता.”

श्रीमंतांनी कोशिंबिरीत हात घातला, तेव्हा कुठे शास्त्र्यांनी श्वास सोडला.