ठमाईचा लाल लेप

डोंगराला अजून धड वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वी सोनदऱ्यात ठमाई नावाची बाई राहायची. तिच्या नवऱ्याच्या, हिरूच्या, मांडीत रानडुकरानं सुळा घातला. जखम काही मोठी नव्हती. पण ती चिघळली, तिला घाण सुटली, आणि हिरू तापात बडबडत गेला.

ठमाई रडली नाही, असं म्हणतात. ती रानात गेली आणि झाडांचे घाव बघत बसली. कुऱ्हाडीचा वार झाडालाही बसतो, मग झाड का सडत नाही?

"त्याच्या सालीत काहीतरी असणार," ती सासूला म्हणाली. "ते मी काढीनच."

तिनं अंगणात मडकी मांडली. एकात कडुनिंबाचा काढा, एकात करंजाचा, एकात निरगुडीचा, एकात ऐनाच्या सालीचा. प्रत्येकात मांसाचा तुकडा टाकला. जे मडकं घाण मारी ते ती ओढ्यापलीकडे ओतून येई आणि दुसऱ्या झाडाला हात घाली. शेजारणी नाकाला पदर लावून जात. सासू आवडाई करवादे, "अगं, घराचा उकिरडा केलास!" ठमाई ऐकून घेई आणि नवं मडकं मांडी. दिवाळ्या आल्या, गेल्या.

ऐनाच्या सालीचं मडकं सगळ्यांत उशिरा नासलं. पण नासलंच. ठमाईनं उकळलेली साल उचलून बघितली, तर तिच्यात रंग अजून होता. पाण्याला तो सगळा निघाला नव्हता. मग तिनं साल मोहाच्या दारूत भिजवली. दारू रक्तासारखी लाल झाली. ती आटवली तेव्हा तळाला दाट लेप उरला. तो लेप फासलेलं मांस वाळलं, पण सडलं नाही. माशीसुद्धा त्याच्यावर बसेना, असं म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात तिचा दीर गोमा मोहाची फुलं वेचायला गेला आणि अस्वलानं त्याची पाठ फाडली. ठमाई लेप घेऊन धावली, तर आवडाई दारात आडवी.

"एक लेक गेला माझा. ह्याच्यावर तुझी मडकी नकोत."

ठमाईनं पदर सारला. तिनं स्वतःच्या दोन्ही दंडांवर विळ्यानं चिरा ओढून त्यांत माती भरली होती. डावा दंड नुसत्या पाण्यानं धुतलेला. तो सुजून पिकला होता. उजव्याला लेप लावलेला. तिथं कोरडी खपली धरली होती.

"मेले, स्वतःला कापलंस?"

"मग कुणाला कापू, आत्या?"

आवडाई बाजूला झाली. "लाव," एवढंच म्हणाली.

पण गोमाची पाठ केवढी! लेप संपत आला. वाडीजवळचे ऐन ठमाईनं आधीच सोलले होते. आणखी सोलती तर झाडंच वाळली असती. पिकलेला हात गळ्यात बांधून, अंगात ताप घेऊन ती कड्यावर चढली. वरच्या ऐनासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुझं तोडवत नाही, पण पोर जातंय." वारा नव्हता, पान हलत नव्हतं. तरी ऐनानं आपणहून साल सोडली आणि ती तिच्या पदरात पडली, असं म्हणतात.

गोमा उठला. पुढच्या मोसमात मोह वेचायला गेला. ठमाईचा डावा दंडही त्या लेपानं भरून आला, पण तो हात पुढं कधी सरळ झाला नाही. त्याच वाकड्या हातानं ती आल्यागेल्याला लेप करायला शिकवी. कुणापासून काही लपवलं नाही तिनं.

आजही सोनदऱ्यात ऐनाची साल कुणी बुंध्याभोवती गोल सोलत नाही. तळव्याएवढी काढतात आणि उघड्या जागेवर शेणमाती लिंपतात. नवी सून आली की सासू तिला घराआधी ऐनापाशी नेते. सून स्वतःच्या हातानं झाडाला शेणमाती लावते आणि सालीचा तुकडा चघळते. तुरट चवीनं तिचं तोंड वाकडं होतं, बाया हसतात.

"थुंकतेस का गं?" सासू विचारते.

सून तो तुरट रस गिळते आणि म्हणते, "ठमाईचं आहे. नाही थुंकत."

मगच तिला उंबरा ओलांडू देतात.