हौसाचा विसावा

भैरोबाच्या डोंगराला पायऱ्याही नव्हत्या, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराखालच्या गावात येसबा नावाचा गडी होता. देवाची सासनकाठी, म्हणजे ताडमाड उंच कळकाची काठी, चैताच्या जत्रेत तो एकटा नाचवायचा. असं म्हणतात, की काठी त्याच्या हातात असली की वारासुद्धा त्याला विचारून वाहायचा.

एका जत्रेत काठी कलली. खाली पोरंबाळं होती. येसबानं कोपर दुमडून सगळा भार उजव्या हातावर झेलला. काठी सावरली, पण हातात काड्कन वाजलं, दंडाचं मांस वर सरकलं आणि त्याचा हा एवढा गोळा झाला. गाव म्हणालं, देव येसबाच्या दंडात येऊन बसला. झालं, लोक त्या गोळ्याला हळदकुंकू लावून पाया पडायला लागले.

हौसा त्याची बायको. तिला घरातलं दिसत होतं. देव बसलेल्या त्या हाताला ओलं धोतर पिळता येत नव्हतं. तिनं वरच्या वाडीतल्या नागूआजीला आणलं. आजी हाडं बसवायची. तिनं दंड चाचपला.

"पोरी, आतला दोर तुटलाय. गोळा ताकदीचा नव्हं, तुटल्याचा हाय. हात गळ्यात बांध. दसऱ्यापर्यंत जड उचलू देऊ नको. आधी तांब्या, मग कळशी. पहिल्यावानी नाही व्हायचा, पर कामाचा व्हईल. घाई केलीस तर हात गेला म्हणून समज."

हौसानं लुगडं फाडून झोळी केली. पाणी, जळण, शेत, सगळं तिनं एकटीनं ओढलं. गोळ्याच्या पाया पडणाऱ्यांतल्या एकानंही तिला घागरभर पाणी आणून दिलं नाही. हळूहळू हातात जीव आला. एके दिवशी येसबानं त्याच हातानं तांब्या तोंडाला लावला, तेव्हा हौसा चुलीपुढं बसून रडली.

मग मृग कोरडा गेला आणि पाटील दारात आला.

"देव झोळीत बांधून ठेवलास, तर पाऊस कसा यील? काठी काढायची. उचलणार येसबाच."

"दसऱ्यापर्यंत थांबा, पाटील. पदर पसरते."

कोण थांबतंय? आणि पाया पडून घ्यायची सवय वाईट. येसबालाही ते थोडं खरं वाटायला लागलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि झोळी सोडली.

काठी देवळापर्यंत गेलीच नाही. हौसाच्या दारातच येसबाचा हात सुटला आणि काठी आडवी झाली. तो हात पुन्हा तांब्यालाही उठला नाही.

हौसा उंबऱ्यावर उभी राहिली. म्हणाली, "आता मी म्हणीन तवा उचला." लोक हसले. असं म्हणतात, की गावचे सगळे गडी लागले, बैल जुंपले, काठी तसूभर हलली नाही. दसऱ्याला हौसानं "उचला" म्हटलं, तेव्हा ती फुलासारखी उठली. पाऊस कधीच पडून गेला होता, काठीवाचून.

आजही जत्रेत काठी त्या जागी आडवी ठेवतात. त्या जागेला हौसाचा विसावा म्हणतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई उंबऱ्याच्या दगडावर बसते, सावकाश पान जुळवते, चघळते. गाव उन्हात ताटकळतं, पाटलाच्या घरचेसुद्धा. ती "उचला" म्हणेपर्यंत काठीला हात लावायची कुणाची छाती नाही. आता सगळ्यांना दम धरता येतो. येसबाचा हात होता, तेव्हा कुणाला सवड नव्हती.