धामणीचे ओठ

फार जुन्या काळी एका गावात एक लेक हकनाक मेली. दोष सापाचा नव्हता. दोष तिच्या बापाचा होता, गावातल्या सगळ्यांत मानाच्या म्हाताऱ्याचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गावानं ते कधी सांगितलं नाही.

त्या गावची रीत अशी, की साप निघाला की म्हाताऱ्याला विचारायचं. तो ‘मारा’ म्हणाला की मारायचा, ‘सोडा’ म्हणाला की सोडायचा.

एकदा म्हाताऱ्याच्या गाईचं दूध आटलं. गाय म्हातारी झाली होती. पण वयाला दोष द्यायला त्याची जीभ रेटेना. तेवढ्यात गोठ्यात धामण दिसली. पिवळट तपकिरी, दीड पुरुष लांब.

“हीच ती! गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. ओठांवरचे काळे पट्टे बघा, विषाचे ओघळ आहेत ते!” म्हातारा ओरडला.

लेक पुढं झाली. धान्याच्या कणगीपाशी ती या धामणीला रोज बघायची.

“आबा, ते पट्टे जन्माचेच. डोळे बघा कसे मोठे, गोल. मान बारीक, फणा नाही. तोंडात नुसते बारीक दात, विषाचा एक नाही. ही उंदीर खाते, म्हणून आपल्या कणगीत दाणा आहे.”

“गप गं! सत्तर पावसाळे पाहिलेत मी.”

“पावसाळे पाहिलेत. साप कुठं पाहिलाय?”

जमलेली माणसं हसली. म्हाताऱ्याचे कान तापले. आत कुठंतरी त्याला ठाऊक होतं, की हे त्यानं बापाकडून ऐकलं, बापानं आज्याकडून, आणि तिघांपैकी एकानंही कधी धामणीचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. पण चारचौघांत माघार कशी घ्यायची?

“मारा,” तो म्हणाला.

धामण मेली. मग गावानं शोधून शोधून उरलेल्या धामणीही ठेचल्या. गाईला दूध काही आलं नाही. वर्षभरात कणग्या उंदरांनी भरल्या, आणि उंदरांमागं नाग आला. पेरणीच्या सकाळी लेकीनं बियाण्यासाठी कणगीत हात घातला.

माणसांनी या वेळी न विचारताच साप मारला आणि म्हाताऱ्यापुढं आणून टाकला. “आबा, कुठला हो हा?”

म्हातारा जन्मात पहिल्यांदा वाकून बघू लागला. फणा होता. ओठांवर एकही ओघळ नव्हता.

ओसरीवर पडलेली लेकच बोलली, “धामण नाही, आबा.”

डोळ्यांनी न पाहता जो नुसत्या वयाच्या जोरावर निवाडा देतो, तो सापापेक्षा विषारी.

म्हाताऱ्याला एकच लेक होती. दुपारी तीही उरली नाही.