पाणपोईतला स्वार्थ

सांबरवाडी संस्थानच्या वेशीवर सगुणाआत्याची पाणपोई होती. थोरल्या महाराजांची सनदच होती, की निःस्वार्थ सेवा चालेल तोवर तिथली विहीर आत्याकडे राहील. दिवाण भुजंगरावांना ती विहीर आपल्या आमराईसाठी हवी होती. त्यांनी आत्याला भर दरबारात उभं केलं.

“महाराज, निःस्वार्थ सेवा जगात नसतेच, तेव्हा सनद रद्द! ही पाणी पाजते, कारण लोक दुवा देतात आणि हिला सुख होतं.”

“सुख होतं खरं,” आत्या म्हणाली. “पण माझी कुत्री मांजराच्या पोरक्या पिलाला पाजते, ती?”

“तिला दूध साचल्याचा त्रास होत असणार. तोही स्वार्थच!”

दरबार माना डोलावू लागला. महाराजांनी सनद फाडायला हातात घेतली. तेवढ्यात आत्याची नजर भुजंगरावांवर गेली आणि तिला हसूच फुटलं.

“महाराज, दिवाणसाहेबांनी गावचं कुरण घेतलं, ओढा घेतला, देवळापुढची चिंचसुद्धा सोडली नाही. उन्हात उभं राहून पाणी पाजण्यात खरंच स्वार्थ असता, तर तो त्यांनी वीस वर्षं माझ्यासाठी शिल्लक ठेवला असता का?”

महाराज हसता हसता गादीवरून घसरले. सनद आत्याच्या हातात देत म्हणाले, “भुजंगराव, उद्यापासून आठ दिवस पाणपोईवर तुम्ही उभे राहा. सगळा स्वार्थ तुमचा!”

“महाराज, माझी पाठ धरलीय...”

“बघा,” आत्या म्हणाली, “फुकट दिला तरी नको म्हणतात!”