तराजूबंदी आणि मोरावळा

“वाड्यात पुन्हा तराजू दिसला, तर आणणाऱ्याला वेशीबाहेर हाकलीन!” तुंगराज महाराज कडाडले.

कारणही तसंच होतं. वाढदिवसाच्या गूळतुलेत महाराजांचं पारडं काही केल्या जमीन सोडेना. बाजारातला गूळ संपला आणि भर दरबारात राणीसाहेबांना हसू फुटलं! त्याच संध्याकाळी वाड्यातले सगळे तराजू विहिरीत गेले.

पंचाईत झाली ती अनंतभट आचाऱ्याची. महाराजांना हवा होता मोरावळा, आणि आवळे-साखर वजनाला सारखी घ्यायची ही त्याच्या आजोबांपासूनची रीत.

“मग पायलीनं मोज की!” महाराज म्हणाले. “पायलीभर आवळे, पायलीभर साखर!”

बिचाऱ्यानं तसंच केलं. महाराजांनी पहिलाच घास घेतला आणि त्यांची दाढ ठणकली.

“हा मोरावळा की साखरेचा खडा?”

“महाराज, पायलीत आवळ्यांच्या मधे फटीच फटी राहतात. साखर गच्च बसते, म्हणून ती वजनाला जास्त भरते.”

“मला शिकवू नकोस! परवा व्याही जेवायला येताहेत. तराजू आणायचा नाही, पण चव जुनीच हवी. नाही जमलं, तर उचल बिऱ्हाड!”

अनंतभट मुदपाकखान्याच्या दारात डोकं धरून बसला. पोराबाळांना घेऊन जायचं कुठं? तेवढ्यात पाण्याची कावड घेऊन सावळ्या भोई आला. सकाळी महाराजांची पालखी वाहायची आणि दुपारी वाड्यावर पाणी भरायचं, हे त्याचं काम.

सगळं ऐकून सावळ्या हसला. “एवढंच व्हय, भटजी? दोन सारखी पातेली आणा बघू!”

त्यानं कावडीच्या दोन्ही टोकांना पातेली टांगली आणि काठीचा मध्य खांद्यावर घेतला. “हिकडं वता पायलीभर आवळं. तिकडं साखर टाका, मी थांब म्हणंस्तवर!”

साखर पडत गेली. कावड कलली, सावरली आणि सरळ झाली.

“थांबा!”

अनंतभटानं ती साखर पायलीत ओतून पाहिली. पाऊण पायली! आता तराजू हवाच कशाला? पायलीभर आवळ्यांना पाऊण पायली साखर, झालं काम!

व्याह्यांनी बोटं चाटली आणि मोरावळा तीनदा मागून घेतला. महाराज खूश झाले. “आचारी, तराजूशिवाय जमलं कसं?”

अनंतभटाला खोटं बोलता येईना. सावळ्याला बोलावणं गेलं.

“कावडीचा तराजू केलास?” महाराज गरजले. “माझी बंदी मोडलीस!”

“न्हाई जी! कावड तर रोजचीच हाय. वजन कळलं ते खांद्याला. बंदी घालायची तर खांद्यावर घाला, पर मग उद्या पालखी कशावर घ्यायची?”

महाराज चपापले. आवाज खाली आणून म्हणाले, “म्हणजे… माझंही वजन तुला ठाऊक आहे?”

“आम्हां चौघाबी भोयांना हाय, महाराज. गडाचा चढ लागला की रोजच कळतं.”

“आणि कुणाकुणाला सांगितलंत?”

“कुणालाबी न्हाई, महाराज. आम्ही निस्ता खांदा बदलतो!”

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. व्याही खोकू लागले. महाराजांनी सगळ्यांकडे एकदा डोळे वटारून पाहिलं आणि मग स्वतःच असे हसले, असे हसले की पोटावरचा कमरपट्टा सुटला!

विहिरीतले तराजू त्याच दिवशी वर निघाले. सावळ्याला सोन्याचं कडं मिळालं आणि मोरावळ्याची बरणी मिळाली. आणि दुसऱ्या दिवसापासून महाराजांच्या पालखीला चाराचे सहा भोई झाले.