कळकी विहीर

रागावू नका. तुमच्या हाती पाणी देण्याआधी मी स्वतः घोट घेतला, तोही मातीच्या बोळक्यातून. पाहुण्यांना हे विचित्रच वाटतं. समोर दगडांनी बुजवलेली विहीर दिसते ना, ती कळकी विहीर. ही रीत तिच्यामुळे पडली.

फार मागे सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही. तेव्हा निंबाजी पाटलांनी वडारांकडून ही विहीर खोदून घेतली, असं सांगतात. साठ हातांवर हिरवट खडक फुटला आणि पाणी लागलं. नितळ, वास म्हणून नाही. पाटलांनी रीतसर पारख केली. तुरीची डाळ लोण्यासारखी शिजली, रिठ्याला फेस आला. म्हणजे पाणी जड नाही, खारट नाही. गावाने गुलाल उधळला.

वडारांतल्या यल्लवाने मात्र आपल्या पितळी तांब्यातून घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"पाटील, पानी कळकलंय. पोरास्नी देऊ नगा."

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, धातू उतरून विषारी होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोक हसले. पाटील म्हणाले, "बाई, आधी तांब्याला कल्हई लावून घे, मग आमच्या पाण्याला नावं ठेव."

तिने कुंभाराकडचं कोरं बोळकं भरून पुढे केलं. "मग ह्यातनं चाखा. येकच घोट."

पाटलांनी घेतलं नाही. वडारणीच्या हातचं पाटील पिणार कसे? मला आजही सांगताना लाज वाटते. वडारांनी त्याच दिवशी पालं उचलली.

गाव पाणी पिऊ लागलं. तोंडाला कळकलेलं लागायचंच, पण प्रत्येक घराने आपल्याच भांड्याला दोष दिला. त्या महिन्यात कल्हईवाल्याला म्हणे जेवायला उसंत नव्हती. भांडी चकचकीत झाली आणि पोरं ओकू लागली. पोळ्यापर्यंत अकरा गेली. अकरावा पाटलांचा एकुलता नातू, भिवा.

त्याला पुरून आल्यावर पाटलांनी विहिरीच्या काठावर पडलेलं तेच बोळकं उचललं, भरलं आणि घोट घेतला. मातीला कल्हई लागत नाही, तिच्यात काही कळकत नाही. तरी पाणी कळकलेलंच लागलं.

माफी मागायला त्यांनी चहूकडे माणसं धाडली. यल्लवा सापडली नाही. मग विहीर बुजवली, पण त्याआधी दोन घागरी भरून घरी नेल्या. हे संपेपर्यंत दुसरं पाणी पिणार नाही, असं म्हणाले. दुसरी घागर भरलेलीच राहिली.

आजही गावात नवं पाणी लागलं, कुणी पाहुणा आला, तर पहिला घोट घरातला थोरला घेतो, मातीच्या बोळक्यातून. तपासणीचा कागद आला तरी घेतो. मी त्याच पाटलांच्या घरातला, त्यांच्या भावाच्या वंशातला.

घ्या आता. कळकलेलं नाही.