रुसलेली नवमी

खाडीकाठी एक होता राजा. त्याच्या पदरी नरहरभट जोशी. ते घटिकापात्र पाण्यात सोडून घटका मोजायचे, ग्रहताऱ्यांचं गणित मांडायचे आणि वर्षाचं पंचांग हातानं लिहायचे. लग्न कधी, पेरणी कधी, होडी कधी सोडायची, सगळा गाव त्यातच बघायचा, बरं का.

एकदा काय झालं, राजाचा पाच वर्षांचा लेक खाडीत बुडून गेला. मार्गशीर्षातली शुद्ध नवमी होती. राजा रडला नाही. फक्त जोशीबुवांना म्हणाला, "नव्या पंचांगात ही नवमी लिहू नका. मला तो दिवस दिसायला नको."

जोशीबुवांनी सांगून पाहिलं, की तिथी चंद्राची, आपली नव्हे. पण राजाचा चेहरा त्यांना बघवेना. मग त्यांनी अष्टमीपुढे दशमी लिहिली.

वर्ष फिरलं. मार्गशीर्षातली अष्टमी आली आणि तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी चंद्र अर्धाच. तिसऱ्या दिवशीही अर्धाच. खाडीचं पाणी चढेना, होड्या चिखलात रुतल्या. शेवंतीच्या कळ्या उमलेनात. आणि गोमी कोळणीला कळा सुरू होऊन तीन दिवस झाले, तरी बाळ काही येईना. सुईण म्हणाली, दिवस सरकल्याशिवाय ही सुटायची नाही.

मग हे सगळं दाखवायला जोशीबुवा राजाला खाडीवर घेऊन गेले. तिन्हीसांजेला पाण्यात पाय सोडून एक बाई बसली होती. राजानं विचारलं, तू कोण?

"मी नवमी. तुझ्या पंचांगात मला जागा नाही, म्हणून इथं बसले."

"तू माझं मूल नेलंस," राजा म्हणाला.

"नेलं पाण्यानं. मी तिथं होते, खरं. पण राजा, तो जन्मला तेव्हाही मीच होते. तू हत्तीवरून साखर वाटली होतीस."

राजा तिथंच वाळूत बसला आणि वर्षात पहिल्यांदा रडला. पुष्कळ रडला. मग त्यानं जोशीबुवांकडून बोरू आणि पंचांग मागितलं आणि त्यात नवमी स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षर जरा वाकडं आलं.

वर बघतो तो चंद्र बोटभर फुगलेला. पाणी चढलं, होड्या हलल्या, आणि कोळीवाड्यातून बाळाचा ट्यँहा ऐकू आला. मुलगी झाली हो गोमीला!

बाराव्या दिवशी राजा-राणी बारशाला गेली. राणीनं पाळण्याची दोरी ओढली, राजा शेजारी बसला, आणि आपल्या लेकाच्या आठवणी दोघं कितीतरी वेळ सांगत राहिली.

पुढं सगळी सुखानं नांदली, तशी तुम्हीही नांदा. मिटा बघू डोळे. उद्याची तिथी उद्या बघू.